नेम आधी, मन मागाहून



दिंडीत चालताना आपण एकमेकांच्या पायाचे फोड विचारतो. मुक्कामाला पोचलो की कोणी कोणाच्या गुडघ्याला तेल लावते, कोणी गरम पाणी आणून देते. पण मनाला फोड आला तर? तो कोणी विचारत नाही आणि ज्याला आला तोही दाखवत नाही. घरातला कर्ता मुलगा जातो, दोन हंगाम हातचे जातात, सावकाराचा निरोप येतो आणि कालपर्यंत पखवाजाला साथ करणारा माणूस भजनाला यायचा बंद होतो. मग आपल्यातलेच कोणी सहज बोलून जाते, "गळ्यात माळ आहे ना? मग एवढे खचायचे कशाला? भक्ती कमी पडली म्हणायची." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ऐकणाऱ्याच्या पदरात आधी एक दुःख होते, आता दोन होतात. एक मूळचे आणि दुसरे भक्ती कमी पडल्याची लाज.

हे बोलणे खरे आहे का, हे आज आपण आपल्याच परंपरेला विचारू. त्यासाठी देहूला जावे लागेल आणि तेही जवळजवळ चारशे वर्षे मागे.

तुकोबारायांचे घर देहूतले सुखवस्तू घर. शेती होती, वाण्याचा व्यापार होता, बाजारपेठेची महाजनकी होती आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलाची उपासना व पंढरीची वारी चालत आली होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. परंपरा सांगते की तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असताना आईवडील गेले. पाठोपाठ सावजींची पत्नी गेली आणि सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. ते पुन्हा घरी आले नाहीत. प्रपंचाचा सारा भार मधल्या भावावर पडला.

आणि मग 1630 साल आले. पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खन या दोन्ही मुलखांना त्या दुष्काळाने गिळले. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, त्याची नोंद केली आहे. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेहून नंदुरबार-बऱ्हाणपूरच्या वाटेने आग्र्याला निघाला होता. वाटेत दिसलेली उपाशी माणसे, ओस गावे आणि रस्त्यावरची प्रेते त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. इकडे पुणे परगण्यावर दुष्काळाच्या जोडीला लष्करी धामधूमही होती. विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले ते याच सुमारास. देहू तिथून आठ-दहा कोसांवर.

या दुष्काळात तुकोबांचे काय झाले, हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून ऐकावे लागत नाही. त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपला पूर्ववृत्तांत सांगणारा त्यांचा एक अभंग आहे, कीर्तनात तुम्ही तो अनेकदा ऐकला असेल. आज तो अभंग म्हणून बाजूला ठेवू आणि एका माणसाची जबानी म्हणून त्याच्याकडे पाहू. ते सांगतात की दुष्काळाने पैसा गेला आणि पैशाबरोबर मान गेला. एक बायको अन्नासाठी टाहो फोडत मेली. ही रखुमाबाई, थोरली. तिच्या पाठोपाठ मुलगा संतोबाही गेला, असे परंपरा सांगते. पुढे ते म्हणतात की जिवाला लाज वाटू लागली, या दुःखाने त्रासून गेलो, धंद्यात तोटा येताना दिसत होता.

माउली, इथे क्षणभर थांबा. लाज वाटली, त्रासून गेलो, हे शब्द ज्यांना आपण जगद्गुरू म्हणतो त्यांचे आहेत. ते वारकरी घराण्यात जन्मले होते, घरात देव होता, पिढ्यान्‌पिढ्यांची वारी होती. तरीही दुःखाने त्यांना गाठले आणि त्यांनी ते लपवले नाही. आजच्या वैद्यकातले एखादे नाव त्यांच्या त्या अवस्थेला चिकटवण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि त्याची गरजही नाही. एवढेच पुरे आहे की खचणे हा भक्तीतला उणेपणा आहे, असे तुकोबारायांच्या चरित्रावरून कोणालाही म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या अभंगातच आहे आणि ती आपल्या नजरेतून निसटते. तुकोबा सुरुवातीलाच म्हणतात की हे सारे बोलू नये खरे, पण तुम्हा संतांनी प्रश्न केला, म्हणून तुमचा शब्द पाळतो. म्हणजे ही जबानी आपल्याला मिळाली ती कोणीतरी विचारले म्हणून. विचारले नसते तर तुकोबा बोलले नसते.

आता डोंगराची गोष्ट. ती महिपतीबुवा ताहराबादकरांनी सांगितली. त्यांचा भक्तविजय 1762 चा आणि भक्तलीलामृत 1774 चे, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्यांनी ऐकीव कथा ग्रंथात बांधल्या. चरित्रकार तारखांबद्दल वाद घालतात, पण कथेचा गाभा वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. दुःखाने व्याकुळ झालेले तुकोबा घर सोडून भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. घरी कोणाला पत्ता नाही. धाकटे कान्होबा रानोमाळ शोधत फिरले आणि अखेर त्यांना भाऊ सापडला. ते त्यांना खाली इंद्रायणीच्या काठी घेऊन आले. तिथे तुकोबांनी घरातली कर्जखते मागवली. दुष्काळात गावोगावच्या कुळांकडे येणे राहिलेले ते कागद. त्यांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांना दिले, कारण त्यांना त्यांचा संसार होता. आपले अर्धे इंद्रायणीत सोडून दिले.

या कथेत आपण नेहमी बुडालेले कागद पाहतो आणि वैराग्याचे गुण गातो. ते योग्यच. पण आज शोधत आलेल्या भावाकडेही पाहा. थोरले सावजी दुःखाने निघून गेले होते. परत आले नाहीत. मधले तुकोबाही त्याच वाटेने निघाले होते. एका घरातून दोन भाऊ दुःखाने उठून गेले आणि त्यातला एक परत आला, कारण धाकटा भाऊ त्याला हुडकत डोंगरावर गेला. "येईल मन शांत झाले की," असे म्हणून कान्होबा घरी बसले नाहीत. कान्होबांनी डोंगरावर काही उपदेश केल्याचे मात्र कोणी सांगत नाही. सांगतात ते एवढेच, की ते गेले आणि भावाला घेऊन आले.

दुसरे माणूस जिजाई. कीर्तनात आपण त्यांना कजाग म्हणून हसतो. पण तुकोबा भंडाऱ्यावर भजनात बसलेले असताना उन्हातान्हात भाकरी घेऊन डोंगर चढणारे पाय जिजाईंचे होते, हेही त्याच परंपरेने सांगितले आहे. त्यांच्या पायात काटा रुतला आणि तो साक्षात विठ्ठलाने काढला, ही कथा कोणत्या वारकऱ्याला ठाऊक नाही? दुष्काळ त्यांनीही सोसला होता. सवत गेलेली, दुकान बुडालेले, पदरी लेकरे. घरातले एक माणूस खचते तेव्हा त्याला सांभाळणारे दुसरे माणूसही आतून झिजत असते. त्याच्या पायातला काटा कोणी पाहायचा? देवाने पाहिला, असे आपली कथा सांगते. तो पाहायला आपणही शिकले पाहिजे.

डोंगर उतरल्यावर तुकोबांनी काय केले? इथे मला खरे सांगायचे आहे ते येते. पुन्हा त्यांच्याच जबानीकडे वळू. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते. ते बांधावे असे मनात आले, असे ते सांगतात. परंपरा म्हणते की त्यांनी स्वतः खपून ते उभे केले. म्हणजे आधी हाताला काम लागले. मग एकादशीचे कीर्तन करू लागलो, म्हणतात. आणि लगेच कबूल करतात की अभ्यासात आधी चित्त नव्हते.

हे पुन्हा एकदा वाचा, माउली. चित्त लागत नव्हते, तरी एकादशीला ते उभे राहत होते. आपण उलटे धरून बसतो. मन लागले की हरिपाठ म्हणू, बरे वाटले की भजनाला जाऊ, उत्साह आला की वारी करू. खचलेल्या मनाला उत्साह येतच नाही, म्हणून ते वाट पाहत बसते आणि आणखी खचते. तुकोबांनी मनाची वाट पाहिली नाही. नेम पुढे चालत राहिला आणि मन मागाहून आले.

पुढचे सांगतात तेही असेच साधे आहे. संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली. पाठांतर म्हणजे काय हे खचलेल्या माणसाला विचारावे. रात्री झोप येत नाही, तेच ते विचार जात्यासारखे फिरत राहतात, अशा वेळी जिभेवर आधीपासून बसलेले चार शब्द असले तर मनाला धरायला खुंटा मिळतो. दुसरे, जे पुढे गात होते त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. स्वतः बुवा झाले नाहीत, मागचे टाळकरी झाले. नवे काही रचायचे नाही, बोलायचे नाही, फक्त आलेला चरण उचलायचा आणि परत द्यायचा. ज्याच्यात स्वतःचे बोलण्याचे बळ उरलेले नाही, त्याला माणसांत उभे राहायला याहून सोपी जागा कोणती? तिसरे, शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. आणि चौथे, खऱ्याखोट्याला आपल्या मनाची साक्ष काढली, चारजण काय म्हणतात ते मानले नाही. ज्याची पत बाजारात गेलेली आहे, त्याला हे किती कठीण असते ते कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला विचारा.

कविता याच्यानंतर आली. स्वप्नातला बाबाजींचा उपदेश नंतर आला. आज गाथेतले जे आपण गातो त्याच्या तळाशी एक पडके देऊळ, थोडे पाठांतर आणि टाळकऱ्यांच्या रांगेतली मागची जागा आहे.

हा नेम एकट्या तुकोबांपाशी राहिला असता तर आपल्यापर्यंत पोचला नसता. 1650 मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाईंच्या पोटी नारायणबाबा होते. वडिलांना न पाहिलेल्या या मुलाने मोठेपणी, 1685 मध्ये, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. वारी आधीही होती, पण पालखीमागे गावेच्या गावे एकत्र चालू लागली ती इथून. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळचे हैबतबाबा यांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. हैबतबाबा पूर्वी शिंद्यांच्या पदरी होते. लष्कराची शिस्त त्यांनी भक्तीच्या कामी लावली. दिंड्यांचे क्रम लागले, मुक्काम ठरले, चोपदार आले.

त्या शिस्तीतली एक रीत तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल. संध्याकाळी पालखी तळावर येते. समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि लाखोंचा समाज एका क्षणात चिडीचूप होतो. पण एखाद्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल तर ती दिंडी थांबत नाही. सगळीकडे शांतता असताना तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो, टाळ थांबतात आणि मगच आरती होते. हरवले-सापडले तेही तिथेच पुकारले जाते.

गाऱ्हाणे असलेल्याने गप्प बसावे, असे आपल्या पूर्वजांनी ठरवले नाही. त्याने टाळ वाजवत राहावे आणि ज्याच्या हाती दंड आहे त्याने चालत त्याच्यापर्यंत जावे, असे ठरवले. वारीच्या तळावर पाळतो ती रीत घरी आल्यावर आपण विसरतो. घरात कोणाचे टाळ वाजत आहेत, तिकडे कान नको का द्यायला?

2020 च्या आषाढीला महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. ज्यांचे पाऊल कधी चुकले नव्हते अशा लाखो माउली त्या दिवशी उंबऱ्याच्या आत होत्या. तेव्हा हाती काय राहिले? घरातला संध्याकाळचा हरिपाठ, तुळशीला घातलेले पाणी, एकादशी, आणि भजनी मंडळातल्या कोणी केलेला फोन. रोजचे नेम लहान असतात ते यासाठीच. मोठे काही थांबले, तरी ते थांबत नाहीत.

म्हणून माउली, आपल्या नेमाकडे जरा या नजरेने पाहा. हरिपाठाची वेळ ठरलेली असू द्या, आणि शक्य तर तो घरातल्यांबरोबर मोठ्याने म्हणा. मन लागले नाही तरी म्हणा. तुकोबांचेही लागत नव्हते. आठवड्याला एखादे वचन पाठ करा. म्हातारपणी, आजारपणात, जागरणात ते उपयोगी पडते. हाताला रोज असे काही काम ठेवा, ज्याचा दिवसाअखेर डोळ्यांना फरक दिसतो. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात, जनाबाईंनी जात्यावर देव पाहिला, तो काम टाकून नव्हे. चालणे सोडू नका. वारीत ज्याला गाढ झोप लागते त्याला घरी ती का लागत नाही, याचे अर्धे उत्तर पायांत आहे. देणे असेल तर ते घरच्यांपासून लपवू नका. तुकोबांनी कागद भावासमोर बाहेर काढले. आणि भजनात पुढे उभे राहण्याचे बळ नसेल तर मागे उभे राहा, पण रांग सोडू नका.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पायात काटा रुतला तर आपणच काढतो, पण पाय मोडला तर दवाखान्यात जातो. वारीच्या वाटेवर फिरत्या दवाखान्यापुढे रांग लावताना कोणाला आपल्या भक्तीची शंका येत नाही. मनाचेही तसेच. झोप आणि भूक कित्येक दिवस हरवली असेल, कशातच गोडी उरली नसेल, जगण्याचाच कंटाळा मनात येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे, दिलेले औषध घ्यावे, आणि माळ गळ्यात तशीच असू द्यावी. सरकारची टेली मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक हरिपाठाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा. तुम्हाला नाही लागला, तर दिंडीतल्या कोणाला लागेल.

शेवटी पुन्हा त्या डोंगराकडे येऊ. भजनाला यायचा बंद झालेला तो माणूस तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे नाव आत्ताही तुमच्या मनात आले असेल. त्याची भक्ती मोजू नका. उद्या त्याच्या घरी जा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल, कान्होबांनाही कोठे फार सुचले होते. नुसते विचारा, "माउली, दिसला नाहीत बरेच दिवस?" आणि उत्तर येईपर्यंत बसा. त्याचा टाळ खुंटीवर असेल, तो काढून त्याच्या हातात द्या आणि एकादशीला त्याला बरोबर घेऊन या. पुढे नको, मागच्या रांगेत, तुमच्या शेजारी.

आणि डोंगरावर तुम्ही स्वतःच बसला असाल, तर शोधत येणाऱ्याला हाक ऐकू जाईल एवढा तरी टाळ वाजवत राहा.

रामकृष्णहरी.